घाटांत अडलेली मोटार

खोपोली सोडून मोटार बोरघाट चढूं लागली, आणि दिवस आषाढ-श्रावणांतले असले, म्हणजे पायथ्याशीं लख्ख दिसणारा रस्ता दोन वळणांतच नाहींसा होतो. धुकें खालीं उतरतें, पुढें चाललेल्या मालमोटारीचा तांबडा दिवा तेवढा उरतो, आणि मागून येणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकूं येतो. अशा वेळीं चालकाचें सारें लक्ष डोळ्यांत एकवटलेलें असतें. पायाकडे तें जात नाहीं. उजवा पाय दाबला कीं इंजिनानें जोर धरावा, ही गोष्ट त्यानें इतकी गृहीत धरलेली असते कीं तिचा विचारहि त्याच्या मनाला शिवत नाहीं. तो विचार पहिल्यानें येतो, तो पाय दाबूनहि इंजिन हूं कीं चूं करीत नाहीं तेव्हां.

श्रोतेहो, अशा एका प्रसंगाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. प्रसंग कल्पिलेला आहे. परंतु मावळांतल्या कोणत्याहि मोटार-कारागिराला तो ओळखीचा वाटेल. कामशेतचा एक चालक आहे. गाडी स्वतःची, डिझेलवर चालणारी, दहा वर्षें वापरलेली. कर्जाचे कांहीं हप्ते अजून राहिलेले. लोणावळ्याचें एक वृद्ध जोडपें महिन्यांतून एकदां मुंबईच्या रुग्णालयांत तपासणीसाठीं जातें, तें याच गाडीनें. दोन महिन्यांपासून या गाडीला एक खोड लागली आहे. चढावर असतां एकाएकीं इंजिनाचा जोर जातो, समोरच्या फळीवर पिंवळा दिवा पेटतो, आणि पाय कितीहि दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनें चालते. बाजूला घेऊन चावी बंद केली आणि पुन्हां फिरवली कीं सगळें पूर्ववत्. एका ठिकाणीं त्यानें डिझेलची गाळणी बदलून घेतली, दुसरीकडे नोझलें साफ करून घेतलीं. पैसे गेले, खोड राहिली. शेवटीं एका रात्रीं घाटाच्या ऐन मध्यावर गाडी मंदावली. मागून येणाऱ्या मालमोटारीनें करकचून ब्रेक लावला, आणि दोन गाड्यांमध्यें हातभर अंतर उरलें. गाडी विकून टाकावी असें त्या रात्रीं त्याच्या घरांत बोलणें झालें. विकणें सोपें, पण ही खोड लपवून गाडी दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावी काय, या प्रश्नाचें उत्तर घरांत कोणापाशीं नव्हतें.

बोरघाटाला वाहनाची परीक्षा पाहण्याची संवय फार जुनी आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, या घाटांतून चाकांच्या गाड्यांसाठीं रस्ता खुला झाला. १८६३ सालीं आगगाडी चढली. पण आजहि कर्जतला पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात, तेव्हां त्या लोणावळ्याला पोंचतात. ज्या धनगरानें इंग्रजांना घाटाची वाट दाखविली असें लोक सांगतात, त्या शिंगरोबाचें देऊळ जुन्या रस्त्यावर आहे, आणि येणारे-जाणारे चालक तेथें नाणें टाकल्यावांचून सहसा पुढें जात नाहींत. आमच्या चालकानेंहि तें टाकलें होतें. देवाचें काम देवानें केलें म्हणायचें, कारण मालमोटार वेळींच थांबली. पण गाडींतला बिघाड शोधणें हें माणसाचें काम होतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पेट्रोलच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय दाबला कीं झडप उघडते, हवा अधिक आंत जाते, हवेच्या मानानें पेट्रोल मिळतें. या झडपेलाच थ्रॉटल म्हणतात. डिझेलच्या इंजिनाची रीत निराळी. रूडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें, त्यांत हवा दाबून इतकी तप्त करावयाची कीं तिच्यांत फवारलेलें तेल ठिणगीवांचून पेटावें, हें तत्त्व होतें. या इंजिनाला हवा मोजून द्यावी लागत नाहीं; ती पोटभर घेऊं द्यावयाची, आणि जोर कमीजास्त करावयाचा तो तेल कमीजास्त करून. खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या १९४६ सालीं स्थापन झालेल्या कारखान्याचीं इंजिनें महाराष्ट्रांतल्या विहिरीविहिरींवर बसलीं. तीं ज्यानें चालविलीं आहेत त्या शेतकऱ्याला हें व्याख्यान द्यावें लागत नाहीं. इंजिन वेगानें पळूं लागलें कीं गव्हर्नरचीं फिरतीं वजनें बाहेर फांकतात आणि तेलाचा पुरवठा आंखडतात; ओझें पडून वेग मंदावला कीं तीं जवळ येतात आणि तेल वाढतें, हें त्यानें रोज पाहिलेलें असतें.

जुन्या डिझेल मोटारींत चालकाचा पाय लोखंडी तारेनें किंवा दांड्यांनीं थेट डिझेल-पंपाच्या याच व्यवस्थेला जोडलेला असे. तार तुटली तर डोळ्यांनीं दिसे, अडकली तर हाताला कळे. तेलाच्या एका समाईक नळींत फार मोठा दाब सांठवून, विजेनें उघडणाऱ्या नोझलांतून तें सोडण्याची रीत १९९७ पासून मोटारींत आली, आणि किती तेल कोणत्या क्षणीं सोडावयाचें हा निर्णय एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेला. कारागीर तिला ईसीएम म्हणतात. पायाखालचें पेडल तेव्हांपासून इंजिन चालवीत नाहीं; तें केवळ अर्ज करतें. अर्ज मंजूर करावयाचा कीं नाहीं हें पेटी ठरविते. १९८८ सालीं सेवेंत आलेल्या एअरबस ए-३२० या विमानांत वैमानिकाची आज्ञा याच प्रकारें विजेच्या तारांतून संगणकाकडे आणि तेथून पंखांकडे जाऊं लागली होती. तीच कल्पना पुढें घरगुती मोटारींत उतरली.

अर्ज खोटा असला तर काय करावें, हा प्रश्न ही कल्पना योजणाऱ्यांपुढें अर्थातच होता. पाय वर असतांना कांहीं बिघाडामुळें ‘पूर्ण दाबला आहे’ असा निरोप पेटीकडे गेला, तर अनर्थ व्हावयाचा. म्हणून पेडलांत एक नव्हे, दोन साक्षीदार बसविले जातात. दोघेहि पेडलाचीच स्थिति विजेच्या दाबानें सांगतात, पण निरनिराळ्या भाषेंत. एका नेहमींच्या पद्धतींत पहिला साक्षीदार जितके व्होल्ट सांगेल, त्याच्या बरोबर निम्मे दुसऱ्यानें सांगावयाचे असतात. पाय वर असतां पहिला ०.७५ म्हणाला तर दुसऱ्यानें ०.३७ च्या आसपास म्हटलें पाहिजे. पाय पूर्ण दाबल्यावर पहिला ३.७६ तर दुसरा १.८८. आंकडे गाडीगणिक बदलतात, पण परस्परांतलें प्रमाण ठरलेलें असतें. दोघांना वीजहि निरनिराळ्या तारांनीं मिळते: पांच व्होल्टच्या दोन, परतीच्या दोन आणि निरोपाच्या दोन, अशा सहा तारा पेडलाच्या कपलरांत येतात. सगळी व्यवस्था दुहेरी ठेवण्याचा हेतु हाच कीं एकाच बिघाडानें दोन्ही साक्षी एकदम बिघडूं नयेत.

साक्षींत मेळ बसला नाहीं कीं पेटी कोण खरें बोलतो याचा निवाडा करीत बसत नाहीं. ती दोघांवरहि अविश्वास दाखविते, इंजिनाला अगदीं थोडा वेग राहूं देते आणि दिवा पेटविते. गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला किंवा जवळच्या गांवापर्यंत जावी, एवढाच उद्देश. चालकाला वाटतें कीं इंजिनानें दगा दिला. वस्तुतः इंजिन निरोगी असतें, आणि त्याचा पहारेकरी जागा असतो. घाटांत मात्र हा सावधपणाच जिवावर बेतूं शकतो, कारण मागच्या मालमोटारीला या आंतल्या संशयाची खबर नसते. अशा वेळीं चारहि बाजूंचे लुकलुकणारे दिवे ताबडतोब लावावे, गाडीला जो थोडा जोर उरला असेल त्यावर ती वळणापासून दूर, डाव्या कडेला न्यावी, आणि माणसांना उतरवून रस्त्याबाहेर उभें करावें. चावी बंद करून पुन्हां फिरविल्यानें गाडी चालूं लागली, तर ती बरी झाली असें समजूं नये. पेटीनें साक्षीदारांना फिरून एकदां बोलावलें, एवढाच त्याचा अर्थ.

असो. आमचा चालक दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं लोणावळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी घेऊन गेला. मिस्त्रीनें पहिल्यानें कोणतेंहि यंत्र हातांत घेतलें नाहीं. त्यानें विचारलें, “कधी होतं? सकाळी का दुपारी? पाऊस असतांना का नसतांना?” चालकानें आठवून सांगितलें कीं दुपारीं सहसा होत नाहीं, पहाटे, रात्रीं, आणि विशेषतः दोन दिवस झड लागली म्हणजे होतें. पूर्वीच्या दोन्ही ठिकाणीं हा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता. हें निदानाचें अर्धें काम होतें, आणि तें फुकट होण्यासारखें होतें.

नंतर मिस्त्रीनें पायाखालचें जाजम उचललें. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. २००९-१० सालीं अमेरिकेंत टोयोटाच्या लक्षावधि गाड्या परत बोलाविल्या गेल्या. तक्रार नेमकी उलट होती: पाय काढला तरी गाडी धांवत सुटते. सर्वांचा संशय इलेक्ट्रॉनिक पेटीवर. अमेरिकन सरकारनें शेवटीं अंतराळयानें उडविणाऱ्या नासा या संस्थेच्या इंजिनिअरांना तपासास बसविलें. २०११ च्या फेब्रुवारींत अहवाल आला, त्यांत अशा भरधांव सुटण्यास इलेक्ट्रॉनिक दोष कारणीभूत असल्याचा पुरावा सांपडला नाहीं. पेडल अडकविणारीं जाजमें आणि कांहीं पेडलांचा चिकटपणा हींच ठळक कारणें ठरलीं. मात्र त्याच तपासांत कांहीं पेडलांच्या आंत, निरोपाच्या दोन जोडांमध्यें, कथिलाचे केसाहून बारीक तंतु आपोआप वाढलेले आढळले, आणि त्यांनीं दोन साक्षीदारांना एकमेकांशीं जोडलें होतें. अंतराळयानांचा अभ्यास करणारांना एका पेडलापुढें गुडघे टेंकून बसावें लागलें, तेथें लोणावळ्याच्या मिस्त्रीनें जाजम उचलण्यांत कमीपणा कसला?

जाजमाखालचा गालिचा दमट होता. मिस्त्रीनें त्यावर हात दाबला, बोटें हुंगलीं, आणि कांहीं न बोलतां स्कॅनर काढला. आपल्याकडे २०१३ पासूनच्या नव्या गाड्यांत धूर वाढविणाऱ्या बिघाडांची नोंद ठेवणारी सविस्तर व्यवस्था सक्तीची झाली. सुकाणूच्या खालीं सोळा टोकांचें एक भोंक असतें, त्यांत स्कॅनर जोडला कीं पेटीनें टिपून ठेवलेले बिघाड वाचतां येतात. येथें नोंद होती पी २१३८. या अंकाचा अर्थ पुष्कळ जण ‘पेडल खराब’ असा करतात, आणि नवें पेडल बसवितात. अंक तसें म्हणत नाहीं. पेडलाच्या दोन साक्षींत मेळ नाहीं, इतकेंच तो सांगतो. खोटें कोण बोलतें, साक्षीदार, त्याचा निरोप नेणारी तार, कीं ऐकणारी पेटी, हें शोधणें माणसावर सोंपवितो. वैद्याला ‘ताप आहे’ असें सांगावें तसें हें आहे.

मिस्त्रीनें चावी दुसऱ्या टप्प्यावर ठेवून दोन्ही साक्षी पाहिल्या. पहिला ०.७५, दुसरा ०.३७. पेडल सावकाश दाबीत नेलें. दोन्ही आंकडे हातांत हात घालून चढले आणि तसेच उतरले. दिवसभर ऊन पडलें होतें. साक्षीदार सज्जनासारखे बोलत होते.

“नोंद पुसून टाका, मिस्त्री,” चालक म्हणाला. “उद्या पहाटे मुंबईचं भाडं आहे. म्हातारी माणसं आहेत, शब्द दिलाय.”

“पुसायला काय, बोट लावलं कीं पुसलं,” मिस्त्री म्हणाला. “पण मला अजून कांही सांपडलेलं नाही. म्हातारी माणसं घेऊन तूं घाटांत जाणार, आणि मी इथं झोपणार? गाडी रात्रभर इथंच राहूं दे.”

“मग नवीन पेडल टाकूनच द्या.”

“टाकलं, तर आठ-पंधरा दिवस गाडी पळेल. मग पुन्हां येशील, आणि तेव्हां कुणी तरी ईसीएम बदलायला सांगेल.”

चालकानें तें भाडें ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याला दिलें. दर महिन्याचें बांधलेलें गिऱ्हाईक एकदां दुसऱ्याच्या गाडींत बसलें म्हणजे परत येतेंच असें नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. तो एस्टीनें कामशेतला परतला.

रात्रीं पाऊस लागला. लोणावळ्याचा पाऊस तो. वर्षाकांठीं तो चार हजार मिलिमीटरांच्या घरांत जातो. याच पावसाचें पाणी लोणावळा, वळवण, शिरवटा या तळ्यांत अडवून, घाटाखालीं खोपोलीला नेऊन, टाटांनीं १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. तळ्यांत राहील तोंवर पाणी विजेचा बाप. तारेच्या जोडांत शिरलें कीं तेंच विजेचा शत्रु. पहाटे सहा वाजतां मिस्त्रीनें पुन्हां स्कॅनर लावला. पहिला ०.७५. दुसरा ०.६५.

आतां या आंकड्यांकडे जरा लक्ष द्यावें, कारण सगळी मौज त्यांतच आहे. पहिला साक्षीदार जागेवर आहे; दुसरा निम्म्याहून बराच वर गेला आहे, ०.२८ नें. मिस्त्रीनें पेडल पूर्ण दाबलें. पहिला ३.७६, दुसरा १.८८ च्या ऐवजीं २.०६. म्हणजे फरक आतां ०.१८. पाय वर असतां चूक मोठी, पाय दाबला कीं चूक लहान. पेडलाच्या आंतली पट्टी झिजली असती तर ठराविक एका जागीं आंकडा अडखळला असता, अलीकडे-पलीकडे सरळ राहिला असता. पांच व्होल्टच्या तारेंत अडथळा असता तर आंकडा खालीं गेला असता. आंकडा वर उचलला जातो, आणि तोहि खालच्या टोंकाशीं अधिक, याचा अर्थ साक्षीदार ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनच उंचावली आहे. परतीच्या तारेंतून वीज मोकळेपणीं परत जात नाहीं. वाटेंत कोठें तरी अडते.

मिस्त्रीनें मल्टिमीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकाला लावलें, आणि दुसरें सुईसारखें टोंक पेडलाच्या कपलरांत, मागच्या बाजूनें, दुसऱ्या परतीच्या तारेपाशीं टेंकविलें. तेथें कांहीं शतांश व्होल्ट असावयाचे, ते होते ०.३०. तेंच टोंक कपलरच्या पलीकडे, पेटीकडे जाणाऱ्या तारेवर नेलें, तो आंकडा जवळजवळ शून्य. दोन बोटांच्या अंतरांत बिघाड सांपडला. पेडल निर्दोष, पेटी निर्दोष, दोन हातभर तारा निर्दोष. अपराधी तो कपलरांतला एक चिमुकला पिन. कपलर उघडल्यावर त्या पिनेच्या घराभोंवतीं हिरवट गंज दिसला. उन्हांत सुकला कीं त्यांतून वीज जाई, दमट झाला कीं अडे. नवें पेडल बसवितांना नव्या पिना त्या घरांत घांसल्या असत्या, थोडा गंज खरवडला गेला असता, आणि आठ-पंधरा दिवस गाडी खरोखरच चालली असती. मिस्त्रीचें संध्याकाळचें भाकित याच अनुभवावर उभें होतें.

दुरुस्ती तासाभराची. गंजनाशक फवारा मारून कपलर पुन्हां दाबून बसविण्याचा मोह अनेकांना होतो. मिस्त्रीनें तें केलें नाहीं. त्यानें बॅटरीची तार सोडली, गंजलेलें पिनेचें घर कापून काढलें, तारेचें टोंक लाल चकचकीत तांबें लागेपर्यंत मागें छाटलें, त्यावर नवें घर दाबून बसविलें, आणि तें पिनेला घट्ट धरतें कीं नाहीं हें सुटी पिन घालून, ओढून पाहिलें. शेजारचीं पांचहि घरें तपासलीं. तारांची जुडी कपलरच्या जरा खालीं झोल देऊन बांधली, म्हणजे वरून ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशीं गळून पडावें, कपलरांत शिरूं नये.

पण पाणी आलें कोठून? हा प्रश्न सोडला असता तर वर्षभरानें गाडी पुन्हां त्याच दारांत आली असती. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं पाणी वाहून जाण्याची एक पन्हळ असते. गाडी एका झाडाखालीं उभी राहत असे. पानांनीं पन्हळीचें तोंड बुजलें होतें, आणि तुंबलेलें पाणी आंत झिरपून, तारांवरून ओघळत, पेडलापर्यंत येत होतें. मिस्त्रीनें ओंजळभर कुजकीं पानें काढलीं आणि तीं चालकाला दाखविण्यासाठीं कागदावर ठेवलीं.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे, कारण ती न सांगितल्यास कोणी तज्ज्ञ श्रोता दोष देईल. डिझेलला हवेची झडप लागत नाहीं असें वर म्हटलें, तें मूळ तत्त्व झालें. अलीकडच्या कित्येक डिझेल गाड्यांत तीहि आली आहे. धुराचे नियम, विशेषतः २०२० चे बीएस-सहा हे नियम कडक झाल्यामुळें जळलेल्या वायूचा कांहीं भाग पुन्हां इंजिनांत खेंचण्यासाठीं आणि काजळीची गाळणी तापवून साफ करण्यासाठीं तिचा उपयोग होतो, आणि इंजिन बंद करतांना होणारी थरथरहि ती कमी करते. ही झडप काजळीनें माखून अडकते. तेव्हां बंद करतेवेळीं गाडी हिसके देते, कधीं काळा धूर येतो, जोर मंदावतो. हा बिघाड निराळा, त्याची नोंदहि निराळी. साफ करतांना झडप बोटानें किंवा स्क्रूड्रायव्हरनें जबरीनें फिरवूं नये, आंतले दांते मोडतात. आणि साफ केल्यावर तिच्या उघडण्या-मिटण्याच्या सीमा स्कॅनरनें पेटीला पुन्हां शिकवाव्या लागतात. दोन्ही बिघाडांना बाजारांत ‘थ्रॉटल गेला’ असें एकच नांव आहे, आणि त्या नांवाखालीं किती निर्दोष पेडलें आणि झडपा भंगारांत गेल्या असतील, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं.

दुपारीं चालक आला. मिस्त्रीनें गंजलेलें पिनेचें घर त्याच्या तळहातावर ठेवलें. तें तांदळाच्या दोन दाण्यांएवढें होतें. मग कपलरवर ओल्या फडक्याचें पाणी पिळून दोन्ही आंकडे पुन्हां दाखविले: ०.७५ आणि ०.३७. त्यावरहि तो थांबला नाहीं. संध्याकाळीं पाऊस धरून आल्यावर दोघे जुन्या रस्त्यानें खोपोलीला उतरले, आणि घाट पुन्हां चढले. मिस्त्री शेजारीं बसून स्कॅनरवर डोळा ठेवून होता. शिंगरोबाच्या देवळापाशीं चालकानें नाणें काढण्यासाठीं गाडी मंद केली, नाणें टाकलें, आणि पाय दाबला. इंजिनानें जोर धरला. खंडाळ्याला पोंचेपर्यंत दुसरा साक्षीदार पहिल्याच्या बरोबर निम्मेंच बोलत होता.

गाडी विकण्याचा विषय घरांत पुन्हां निघाला नाहीं. त्या वृद्ध जोडप्याचा निरोप पुढच्या महिन्यांत आला, तो आदल्या रात्रीं, जरा उशिरानेंच: “तुमची गाडी बरी झाली का? पहाटे पांचला या.”